एक थप्पड आणि सहा रविवार

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत शिकवायला ती कधीच गेली नव्हती. ती गाडी शिकवायची. एका पांढऱ्या, जागोजागी पोचे आलेल्या गाडीत, चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून तिने चौदा वर्षं काढली होती. त्या सीटपुढे पायाशी एक जादा ब्रेक होता आणि तिचा उजवा पाय झोपेतसुद्धा तो दाबत असे, असं तिचा नवरा सांगायचा. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणारे, वळण आलं की स्टिअरिंग सोडून डोळे झाकणारे, चूक झाली की आधी तिच्याकडेच रागाने बघणारे असे सगळे नमुने तिच्या शेजारी बसून गेले होते. एक निवृत्त मुख्याध्यापक तर उलटा गिअर टाकला की मान मागे वळवायला तयारच होत नसत. मागे काय आहे ते त्यांना माहीत आहे म्हणत. मास्तरीण त्या सगळ्यांना एकाच आवाजात सांगायची, "हरकत नाही. परत करू." तिच्या या संयमाचं गावभर कौतुक होतं. फक्त तो संध्याकाळी पाचपर्यंतच पुरायचा. घरी पोचेपर्यंत त्याचा खडखडाट झालेला असायचा, आणि घरी भिंगरी असायची.

भिंगरी म्हणजे तिची मुलगी, वय वर्षं नऊ. शाळेच्या हजेरीत तिचं वेगळं नाव होतं, पण ते फक्त तक्रारीच्या चिठ्ठीवर दिसायचं.

या मुलीवर हात उचलायचा नाही, हे मास्तरणीने ती पोटात असतानाच ठरवलं होतं. स्वतःच्या लहानपणी तिने मार खाल्ला होता आणि तो मोजून लक्षात ठेवला होता: अकरा वेळा. तिचे वडील, आप्पा, एका कापडाच्या दुकानात कामाला होते. कापड मोजायची एक जुनी लाकडी पट्टी त्यांनी घरी आणून ठेवली होती आणि घरात मोजण्यासारखं कापड कधीच नव्हतं. त्या पट्टीवरच्या आकड्यांतले सात आणि आठ पुसट झालेले होते, हेसुद्धा तिला आठवत होतं. दुकानात आप्पा अगदी लोण्यासारखे मऊ. गिऱ्हाईक शंभर थान उलगडायला लावून रिकाम्या हाताने गेलं तरी हसून नमस्कार करायचे. मग घरी यायचे.

आई गेल्यावर आप्पा लेकीकडे राहायला आले. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे बोलायचे, कान निवडून निवडून ऐकायचे आणि जीभ मात्र शाबूत होती. भिंगरीने काही केलं की खुर्चीतून त्यांचा एकच सल्ला यायचा. "एक ठेवून दे. आमच्या वेळी एवढी व्याख्यानं नव्हती. तू बिघडलीस का?"



नऊ वर्षांत तिने बाकीचे सगळे उपाय करून पाहिले होते. मुलीला कोपऱ्यात उभं केलं, तर कोपऱ्यात मुंग्यांची रांग सापडली आणि शिक्षा संपल्यावर भिंगरीने आणखी दहा मिनिटं मागून घेतली. तीनपर्यंत आकडे मोजायचे, असं कोणीतरी सांगितलं. मास्तरीण "एक… दोन…" म्हणून थांबली की भिंगरी मदतीला यायची. "आता अडीच म्हण, आई. मग पावणेतीन." चांगल्या वागण्याला तारा, असा तक्ता भिंतीवर लावला, तर आठवड्यात ताऱ्यांनी तक्ता भरला, कारण ताऱ्यांची पाकिटं कुठे ठेवलीत ते भिंगरीला माहीत होतं. सायकल महिनाभर कुलपात ठेवली, तर ती लोकांच्या कुंपणावरून चालायला शिकली. शांतपणे समजावून सांगायचं म्हटलं तर ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी असा एक प्रश्न विचारायची की समजावणाऱ्यालाच पाणी प्यायला उठावं लागे. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात. इथे मार शब्दांनाच बसत होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरात कुठेतरी माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असायची, म्हणून घरातल्या कुठल्याही प्रसंगाला तो हमखास नसायचा. आल्यावर म्हणायचा, "थांब, मी बोलतो तिच्याशी." दार लोटून घ्यायचा, आणि पाच मिनिटांत आतून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा. मास्तरीण बाहेर भांडी आदळायची.

ज्या दिवशी हे घडलं तो शनिवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. एक शिकवणी संपली होती, दुसरी साडेतीनला होती. घराचा रस्ता उताराचा. मास्तरणीने नेहमीप्रमाणे गाडी दारात लावली, गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला आणि दोन घास खायला आत गेली. आप्पा ओट्यावर बसले होते, भिंगरी पायरीवर. जरा पोरीकडे लक्ष ठेवा, असं तिने आप्पांना सांगितलं. गाडीला कुलूप लावायचं राहिलं. चौदा वर्षांत एवढं एकच राहिलं, असं पुढे ती स्वतःलाच अनेकदा बजावून सांगत राहिली.

दुसरा घास हातात होता आणि बाहेरून कुणी पोतं ओढत न्यावं तसा आवाज आला. ती दारात आली तेव्हा जागेवर गाडी नव्हती. गाडी इंजिनाचा आवाज न करता, मागे मागे, रुबाबात उतारावरून चालली होती. समोरच्या काचेतून दोन चेहरे तिच्याकडे बघत होते. स्टिअरिंगमागे आप्पा, ज्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. आणि शेजारी, मास्तरणीच्या सीटवर भिंगरी, जादा ब्रेकपर्यंत पाय पोचावा म्हणून जवळजवळ आडवी झालेली.

मास्तरीण धावली. अनवाणी, हात खरकटा. धावून काय करणार होती ते तिला माहीत नव्हतं. खाली चौकात शनिवारची रहदारी होती. गाडी चौकापर्यंत गेली नाही. रस्त्याच्या वळणाशी मिस्त्रीकाकांच्या बागेची कमरेएवढी विटांची भिंत होती. गाडीचा मागचा भाग त्या भिंतीत शिरला. सहा-सात हात भिंत आत पडली आणि धुळीत सगळं थांबलं.

दोघांना ओरखडासुद्धा नव्हता. आप्पा पांढरेफटक होऊन स्टिअरिंग धरून बसले होते. भिंगरी स्वतःच दार उघडून उतरली.

"ब्रेक कोणी सोडला?"

भिंगरीने एकदा आप्पांकडे बघितलं. मग म्हणाली, "मी."

मास्तरणीला नंतर एवढंच आठवत होतं की हात आधी गेला आणि आवाज मागून आला. खरकट्या हाताची थप्पड. भिंगरीच्या गालावर भाताचं एक शीत चिकटून राहिलं होतं. ती रडली नाही. शीत काढून तिने बोटावर धरलं, पाहिलं, आणि हात फ्रॉकला पुसला.

गंमत पुढेच होती. एवढ्यात आप्पा गाडीतून कसेबसे उतरले, येऊन नातीच्या पुढे उभे राहिले आणि लेकीला म्हणाले, "पोरीवर हात टाकतेस? लाज नाही वाटत?"

नऊ वर्षं खुर्चीतून एक ठेवून दे, एक ठेवून दे, म्हणून जप करणारा हाच माणूस.  गल्ली गोळा झाली होती. सगळ्यांच्या देखत तिने वडिलांना विचारलं, आणि आवाज न चढवता विचारलं, "तुम्ही मला मारत होता तेव्हा मध्ये कोण उभं राहिलं होतं, आप्पा?"

आप्पांनी जरा आठवल्यासारखं केलं. "मी कधी मारलं तुला?" ते म्हणाले.

ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. अकरा वेळा, आणि त्यातली एकही त्यांच्या खाती नव्हती. ती तशीच वळली आणि मिस्त्रीकाकांची माफी मागायला गेली.

मिस्त्रीकाका पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्या वाकड्या आहेत, असं त्यांचं मत होतं. कमरेचं दुखणं जडल्यापासून ते खुर्ची टाकून बागेत बसत. मास्तरीण म्हणाली, मी उद्याच माणूस लावून भिंत बांधून देते. काकांनी त्याला साफ नकार दिला. हल्लीच्या गवंड्यांचा हात त्यांना आपल्या भिंतीला लागू द्यायचा नव्हता. "पाडली कोणी?" त्यांनी विचारलं. भिंगरीने पुन्हा "मी" म्हटलं. "मग तू बांध. मी बसून सांगतो." आणि मास्तरणीकडे बघून म्हणाले, एकट्या पोरीला विटा झेपायच्या नाहीत, तूही ये. उद्यापासून दर रविवारी सात वाजता. ऊन चढायच्या आत.

मास्तरणीला आठवड्यात रविवार तेवढा एकच सुटीचा होता.

घरी येताना तिला वाटलं होतं की पोर आता तरी नरम पडली असेल. कसलं काय. भिंगरीला एक शंका होती.

"थप्पड बसली ना मला? मग परत भिंत कशाला? एका गोष्टीच्या दोन शिक्षा असतात का?"

मास्तरीण म्हणाली, थप्पड ही शिक्षा नव्हती.

"मग काय होती?"

इथे पुन्हा मास्तरणीला पाणी प्यायला उठावं लागलं. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून तिने तळहात नळाखाली धरला. शिक्षा नव्हतीच ती. भीती होती, दमणूक होती, न लावलेलं कुलूप होतं. आणि ते सगळं नऊ वर्षांच्या गालावर नेऊन ठेवलं होतं. पण हे तिने मुलीला सांगितलं नाही. "उद्या सहाला उठायचंय," एवढंच म्हणाली.

मागून भिंगरी म्हणाली, "मला चालेल थप्पड. पटकन संपते."

पहिला रविवार सगळा जुन्या विटांना चिकटलेला सिमेंटचा माल खरवडण्यात गेला. काकांचं म्हणणं, विटा चांगल्या आहेत, टाकायच्या कशाला. मायलेकी जमिनीवर बसून एकेक वीट छिन्नीने साफ करत होत्या आणि काका खुर्चीतून एकेक परत पाठवत होते. तिसऱ्या तासाला मास्तरणीच्या लक्षात आलं की भिंगरी गुणगुणते आहे आणि नखं तुटली आहेत ती आपली. दुसऱ्या रविवारी विटा पाण्यात भिजवल्या, माल कालवला, सूत ताणलं आणि तीन थर चढले. मास्तरणीला बरं वाटलं. काकांनी ओळंबा मागवला, दोऱ्याला बांधलेला लोखंडी लंबक भिंतीशी धरायला लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "काढा."

"काय काढा?"

"तिन्ही थर. पोट आलंय भिंतीला."

मास्तरीण म्हणाली, काका, बोटभर तर फरक आहे. काकांना हे ऐकू आलं नाही. भिंगरीने मात्र मुकाट्याने वरची वीट उचलली. शाळेच्या वहीतलं एक अक्षर खोडून पुन्हा लिही म्हटलं तर जी पोर घर डोक्यावर घेते, तिने बांधलेले तीन थर स्वतःच्या हाताने उतरवले, तेही कुरकुर न करता. मास्तरणीला याचा आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. आपण नऊ वर्षं घसा कोरडा केला आणि या म्हाताऱ्याने एका शब्दात काम केलं. शिवाय त्याने ना समजावलं होतं, ना रागावला होता. त्याला फक्त भिंत सरळ हवी होती.

घरात एक नवीनच कटकट सुरू झाली होती. आप्पा जेवत नव्हते. म्हणजे जेवत होते, पण अर्धी भाकरी ठेवून. सल्ले बंद झाले होते. भिंगरीने वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराचं हँडल उघडून ठेवलं त्या दिवशीसुद्धा खुर्चीतून अवाक्षर आलं नाही. रविवारी मायलेकी निघाल्या की ते खिडकीत उभे राहायचे आणि परतल्या की खुर्चीत सापडायचे. तब्येत दाखवायची का, असं मास्तरणीने विचारलं, तर नको म्हणाले. नवरा म्हणाला, थांब, मी बोलतो त्यांच्याशी. तो बोलायच्या आतच कुणाची तरी लिफ्ट अडकली.

चौथ्या रविवारी, तिसऱ्याच्या थरांवर आणखी तीन थर चढले होते आणि याही वेळी ओळंबा पास झाला होता, तेव्हा आप्पा काठी टेकत उतारावरून येताना दिसले. गुडघ्यांमुळे त्यांना उतार नको वाटायचा. ते कडेकडेने, कुंपणांना धरत आले. भिंतीपाशी थांबले. कुणाकडे न बघता म्हणाले, "हँडब्रेक मी सोडला होता."

मास्तरणीच्या हातात मालाने भरलेली थापी होती. ती तशीच राहिली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खेळात भिंगरी मॅडम झाली होती आणि आप्पा शिकाऊ. मॅडमने गिअर न्यूट्रल केला, तो तिला करता येत होता, रोज बघत होती. मग आईच्याच आवाजात म्हणाली, आता हँडब्रेक सोडा. आप्पांना वाटलं, गाडी बंद आहे, काय होणार आहे? त्यांनी सोडला. गाडी निघाल्यावर ओढायचा कसा ते त्यांना कळेना. भिंगरी त्यांना सांगत होती, "हरकत नाही, परत करू," पण परत करायला वेळच उरला नाही.

मास्तरीण आधी मुलीकडे वळली. तू का सांगितलंस मी म्हणून?

भिंगरी विटेवरचा माल सारखा करत होती. तिने वर न बघता सांगितलं, "तू खूप चिडली होतीस. मला सवय आहे. आप्पांना नाही."

मिस्त्रीकाका कान पुढे करून विचारत होते, काय झालं, काय म्हणतेय ती. 

मग मास्तरीण वडिलांकडे वळली. तीन आठवडे गप्प का बसलात, असं तिने विचारलं, आणि आप्पांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखं उभं राहून सांगितलं, "भीती वाटली."

"कोणाची?"

"तुझी. तू मारलंस ना तिला. तुझा चेहरा बघितला मी." मग ते म्हणाले, "माझाही असाच व्हायचा का?"

कित्येक वर्षं तिने या क्षणाची तयारी केली होती. अकराही वेळा तारीखवार सांगायच्या, पट्टीसकट, असं तिने कितीदा तरी मनात घोळवलं होतं. आता समोर एक म्हातारा उभा होता, पायात दोन वेगळ्या चपला, उतारावरून येऊन दम लागलेला. तिला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला. निदान धड रागावता तरी यावं माणसाला.

"हो," ती म्हणाली. "अगदी असाच."

आप्पांनी मान हलवली. माफी वगैरे मागितली नाही. त्यांच्या पिढीला ती मागता येत नसे आणि आलीच असती तर तिला ती कुठे ठेवावी ते कळलं नसतं. ती म्हणाली, आता आलाच आहात तर तिथे बसा आणि विटा भिजवा, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायच्या. आप्पा बादलीशेजारी उलट्या घमेल्यावर बसले. त्यांनी पहिली वीट बुडबुडे थांबायच्या आधीच बाहेर काढली आणि काकांनी ती परत पाण्यात टाकायला लावली.

त्या दिवशी घरी जाताना उतार चढता चढता मास्तरणीने मुलीला सांगितलं की थप्पड मारली ते चुकलं होतं. ब्रेक कोणी सोडला होता त्याचा इथे संबंध नाही. तू सोडला असतास तरी चुकलंच असतं. मी घाबरले होते आणि कुलूप लावायला मीच विसरले होते. भिंगरीने हे लक्षपूर्वक ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुलाही शिक्षा पाहिजे?"

"बांधतेय ना भिंत."

"ती तर माझी आहे."

मास्तरणीने कपाळावर हात मारून घेतला, स्वतःच्या. पुढच्या आठवड्यात हा कबुलीजबाब भिंगरीने तीन वेळा वापरला: एकदा दूध न पिण्यासाठी, एकदा गृहपाठासाठी आणि एकदा शाळेत, बाईंसमोर. "माझी आई चुकली की कबूल करते," असं तिने बाईंना ऐकवलं होतं. चिठ्ठी घरी आली. चिठ्ठीवर हजेरीतलं नाव होतं.

पाचव्या रविवारी भिंत कमरेपर्यंत पोचली. सहाव्या रविवारी वरचा थर बसला, सांधे भरले, आणि नवऱ्याची एकही लिफ्ट अडकली नसल्यामुळे तोही येऊन विटांना पाणी मारत होता. काकांनी शेवटी काठीच्या आधाराने उठून, एक डोळा मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत न्याहाळली. जुन्या आणि नव्याचा जोड उठून दिसत होता. मधल्या एका जागी भिंगरीने ओल्या मालात बोटाने काहीतरी काढलं होतं आणि तो सुकल्यावर ते कायमचं झालं होतं.  काका म्हणाले, राहील.

मास्तरणीने हात धुतले. पुढचा रविवार तिने मनातल्या मनात अंथरुणात लोळून घालवायलासुद्धा सुरुवात केली होती. तेवढ्यात काका खुर्चीत बसत म्हणाले की खरं म्हणजे मागची भिंतही काही फार दिवसांची सोबती नाही. पाणी झिरपून पाया भुसभुशीत झालाय.

भिंगरीने थापी पुसता पुसता विचारलं, किती हात आहे?

"असेल वीसेक."

"आम्ही येतो," भिंगरी म्हणाली. "सातला. आप्पा, तुम्ही विटा."

आप्पांनी लेकीकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले आणि एक, दोन, अडीच असे आकडे मोजले. नवरा कुजबुजत म्हणाला, थांब, मी बोलतो तिच्याशी. आणि मास्तरणीने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्याने रिकामी बादली उचलून घराकडे चालू लागला.